किल्लीकाकांचं प्रेत

किल्लीकाकांना आयुष्यात एकही कुलूप धड उघडता आलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर नावावरून भलता समज व्हायचा. स्वतःच्या घराचं दार उघडतानाही ते किल्ली आधी उलटी घालत, मग सुलटी घालत, मग ही आपलीच ना म्हणून डोळ्यांपाशी नेऊन बघत. तोवर काकू आतून दार उघडून म्हणत, "या. लुटण्यासारखं काही नाही, पण चहा आहे."

टीव्हीवर मात्र त्यांच्यापुढे एकही तिजोरी टिकत नसे. मालिका दरोडेखोरांची होती. पाच जणांची टोळी. योजना आखणारी एक म्होरकी, दारं मोडणारा एक पैलवान, दोन देखणे तरुण (त्यांचं काम गाडी चालवणं आणि देखणं दिसणं, त्यातलं दुसरं ते मनापासून करत) आणि तिजोऱ्या उघडणारे किल्लीकाका. काका तिजोरीला कान लावत, डोळे मिटत, ओठ किंचित हलवत, आणि मग 'खट्' असा आवाज होई. तो आवाज ध्वनिमुद्रणवाला जिभेने काढायचा. पण त्या मिटलेल्या डोळ्यांवर अख्खा गाव फिदा होता. लहान मुलं शाळेच्या कपाटाला कान लावून बसत. एका शेजारणीने तर अडकलेली ट्रंक डोक्यावर घेऊन दोन जिने चढून आणली. काकांनी सवयीने ट्रंकेला कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाले, "उद्या सकाळी या. हिला जरा वेळ द्यावा लागेल." मग मागच्या दाराने किल्लीवाल्याला बोलावून आणलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण पाया पडायची तेवढी राहिली होती.

मालिकेत येण्याआधी काका बस डेपोत होते. ध्वनिक्षेपकावर गाड्यांच्या वेळा सांगत. आवाज असा भरदार आणि कातर, की गाडी रद्द झाल्याचं त्यांनी सांगितलं की प्रवासी चिडायच्या ऐवजी हळहळत. हौशी नाटकांत कधी वकील, कधी भूत अशी कामं करत. एक दिवस मालिकेचा दिग्दर्शक त्या डेपोत बसची वाट बघत बसला होता. त्याला सगळं खरंखुरं लागे, म्हणून माघारी सगळे त्याला 'अस्सल' म्हणत. अस्सलने आवाज ऐकला आणि थेट खिडकीशी येऊन विचारलं, "कुठल्या गाडीचं एवढं दुःख झालंय तुम्हाला?" महिनाभरात काकांनी डेपोची नोकरी सोडली. काकू म्हणाल्या, "अहो, निदान रजा टाकून बघा." काका म्हणाले, "अगं, कलेत रजा नसते." या वाक्याची काकूंनी पुढे किती वेळा परतफेड केली, त्याची मोजदाद नाही.

मालिकेच्या धंद्यात एक विचित्र गोष्ट असते. पुढच्या भागात आपण जगणार की मरणार, हे तिथे नटाला ठाऊक नसतं. त्या दिवसाची पानं त्या दिवशीच हातात पडत. कारण एकदा मेकअपवाल्या बाईंनी शेवट आपल्या जावेला सांगितला होता आणि जावेने जगाला. तेव्हापासून लेखक कुणालाच काही सांगेना. हा लेखक दर भागाच्या शेवटी कथेला असं काही वळण द्यायचा, की प्रेक्षकांची मान अवघडावी. त्याला सगळे वळणराव म्हणत. त्यामुळे टोळीतले पाचही जण रोज सकाळी पानं हातात घेताना डॉक्टरचा रिपोर्ट उघडावा तशी उघडत. पैलवान तर देवाचं नाव घेऊन शेवटचं पान आधी बघायचा.

आणि मरण्याचेही दोन प्रकार होते. ते पैलवानानेच काकांना शिकवले. "काका, एक लक्षात ठेवा. प्रेत दिसलं तर मेला, नाही दिसलं तर गावाला गेला."

म्हणजे असं, की पात्र नदीत पडलं, आगीत सापडलं, बोटीसकट उडालं, तरी प्रेत दाखवलं नाही तर काळजीचं कारण नाही. ते पुढच्या हंगामात दाढी वाढवून परत येतंच. पण एकदा पडद्यावर प्रेत दिसलं की संपलं, मग तुम्ही घरी आणि तुमची खुर्ची दुसऱ्याला. पैलवान स्वतः पुढे लिफ्टमध्ये मेला. त्याचं प्रेत सविस्तर, तीन बाजूंनी दाखवलं. जाताना काकांच्या गळ्यात पडून तो लहान मुलासारखा रडला आणि मग व्यायामशाळेत नोकरीला लागला.

मग तो डोंगराचा भाग आला.

कथा अशी, की एका धनाढ्याने आपली तिजोरी बँकेत न ठेवता डोंगराच्या माथ्यावरच्या बंद पडलेल्या हवामान केंद्रात लपवली आहे. टोळीने चढायचं, तिजोरी फोडायची आणि बर्फाच्या वादळात एका दोराला बांधून घेऊन उतरायचं. कुणीही शहाण्या दिग्दर्शकाने गोदामात प्लास्टरचा डोंगर उभा करून वर मीठ पसरलं असतं. अस्सल म्हणाला, "मीठ मिठासारखं दिसतं. मला डोंगर हवा." आणि डोंगरही असा शोधला, की जिथे शेळ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात. बरोबर घेतलेला वाटाड्या पहिल्याच दिवशी म्हणाला, "हा सकाळी तोंड दाखवतो आणि दुपारी पाठ फिरवतो. ऊन चढलं की वरचा बर्फ सुटतो, मग दगड येतात. जेवणाच्या आत खाली." अस्सलने मान डोलावली. त्याची मान डोलणं आणि त्याने ऐकणं यांचा काही संबंध नसे.

काकांचं उंचीशी जुनं वाकडं होतं. घरी दिवा बदलायचा तर काका स्टूल आणत, काकू त्यावर चढत, आणि खाली उभ्या काकांना घेरी येई. तेच काका दोरांच्या, माणसांच्या आणि शिव्यांच्या आधाराने त्या डोंगरावर चढले. वर तंबूत पोचले तेव्हा त्यांचा रंग चादरीसारखा झाला होता. मेकअपवाल्या बाई म्हणाल्या, "वा काका, आज पावडर लागणारच नाही."

पानं हातात आली. काकांनी वाचलं. तिजोरी उघडते. परतताना दोर चौथ्या माणसाचं वजन पेलत नाही. मग, 'काका हसतात. चाकू काढतात. दोर कापतात. दरीत कोसळतात. वरून टोळीला खाली कपारीवर त्यांचा देह दिसतो (पालथा. चेहरा दिसत नाही).'

काकांनी ते परत वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. डेपोत एवढी वर्षं गाड्या सुटल्याचं सांगणाऱ्या माणसाला आपली गाडी गेल्याचं तंबूत बसून कळलं. आणि माणसाचं मन कसं असतं बघा, मरणापेक्षा त्यांना तो कंस लागला. चेहरा दिसत नाही! इतके भाग या चेहऱ्यावर तिजोऱ्या उघडल्या आणि शेवटी पालथा? मेलो तर मेलो, पण तोंड तरी दाखवा!

वळणराव तंबूच्या कोपऱ्यात तीन घोंगड्या पांघरून बसला होता. काका त्याच्यापाशी जाऊन उकिडवे बसले.

"वळणराव, हे देहाचं... दाखवायलाच हवं का?"

"हवंच."

"नाही, मी म्हणतो, नुसता पडलो, ओरडलो, वर धुकं आलं. लोकांना आपलं वाटत राहील..."

"काका, तो देह म्हणजे या सगळ्याचा कणा आहे. तो काढला तर गोष्ट आडवी पडेल."

"आडवा मी पडतोय की!"

वळणराव गालात हसला. घोंगडीतून नुसते डोळे आणि ते हसू दिसत होतं. काकांना ते हसू खाटकाचं वाटलं. एखाद्याला काहीतरी फार मोठं द्यायचं असेल आणि आत्ता सांगायची चोरी असेल, तरी माणूस असाच हसतो, हे काकांच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या माझ्याही आलं नसतं.

दोर कापण्याचा प्रसंग काकांनी केला तो असा, की पुढे तसा कुणाला करता आला नाही. खाली छातीएवढ्या अंतरावर गाद्या होत्या, म्हणजे जिवाला धोका काही नव्हता. पण काका चाकू चालवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. म्होरकी डोळ्यांत औषध न घालता रडली. अस्सल 'कट' म्हणायचं विसरला. सगळ्यांना वाटलं, काका टोळीसाठी रडताहेत. काका डेपोच्या खिडकीसाठी रडत होते. त्या खिडकीत आता ध्वनिमुद्रित बाई बोलायची.

आता उरला देह. तो कलाविभागाने घरूनच करून आणला होता. पोत्यात पेंढा भरून, काकांचा जादा कोट चढवून, पालथा. खालच्या कपारीवर त्यांनी तो नेऊन ठेवला. ऊन चढत होतं. वाटाड्या घाई करत होता. कॅमेरा हलवायला माणसं वर गेली आणि थोडा वेळ त्या बाजूला काका आणि काकांचं प्रेत असे दोघेच उरले.

स्टुलाला घाबरणारा तो माणूस पोटावर आडवा झाला. बर्फावरून सरकत, एकेक वीत सरकत, तोंडाने 'नको नको' म्हणत कपारीपर्यंत गेला. तिथे पोचल्यावर त्याने डोळे मिटले, तिजोरीपाशी मिटत तसेच, आणि पायाने प्रेताला एक लाथ घातली.

डोळे उघडले तेव्हा कोट दरीत चालला होता. बाह्या वाऱ्याने उघडल्या होत्या. आपण स्वतः कसे पडलो असतो, ते काकांनी अगदी शेवटपर्यंत बघितलं. मग सरकत माघारी येऊन ओरडले, "अहो, धावा! वाऱ्याने गेला! मी गेलो!"

अस्सलने डोकं धरलं. दुसरं प्रेत नव्हतं, भरायला पेंढाही नव्हता. काकांना तिथे झोपवावं म्हटलं तर वाटाड्या आडवा आला, "माणूस झोपवायची जागा नाही ती." तेवढ्यात वरून पहिला दगड आला. त्याच्यामागे दोन. वाटाड्या आता विनंती करेना, शिव्या देऊ लागला. अस्सल मटकन बसला आणि म्हणाला, "टोपी. नुसती टोपी दाखवू. टोपी आहे का?" काकांनी डोक्यावरची टोपी अशा उत्साहाने काढून दिली, की हारच घालताहेत. टोपी बर्फावर ठेवली, तिच्यावर कॅमेरा लावला, आणि सगळी मंडळी जीव मुठीत धरून खाली उतरली. पुढे तो डोंगर सरकारने बंदच करून टाकला.

परतीच्या बसमध्ये काका सगळ्यांना संत्री सोलून देत होते. वळणराव खिडकीला डोकं लावून गप्प होता. त्याला गाडी लागली असेल असं काकांना वाटलं. त्यालाही त्यांनी एक संत्रं दिलं.

*

भाग लागला त्या दिवशी काकांच्या घरी बसायला जागा नव्हती. दोर कापताना बायकांनी पदर डोळ्यांना लावले. खुद्द काका शेजारी बसलेले असताना! शेवटी पडद्यावर टोपी आली. टोपीवर बर्फ पडत राहिला. ट्रंकवाली शेजारीण उसळून म्हणाली, "टोपीच दाखवली! म्हणजे येणार!"

"येणार, येणार!" सगळे म्हणाले.

काका नुसते हसले. जाणकाराचं हसू. पाहुणे गेल्यावर काकूंनी कपबशा गोळा करत विचारलं, "कंपनीने सांगितलंय का तसं?"

"सांगत नसतात. प्रेत नाही दिसलं ना? मग झालं."

"मग घरी काय बसायचं तोवर?"

"तोवर आहे ती दाढी वाढवायची."

इथून पुढे खरं म्हणजे सांगण्यासारखं काही घडलं नाही. आणि तेच घडलं.

काकूंचा भाऊ कुलपांचं दुकान चालवायचा. तो स्वतः आला. "भाऊजी, गल्ल्यावर नुसते बसा. किल्लीकाकांनी निवडून दिलेलं कुलूप म्हटलं की गिऱ्हाईक मागे वळून बघणार नाही."

"अरे, पण मला कुलपातलं काय कळतं?"

"मला तरी काय कळतं? मी विकतो."

काका म्हणाले, विचार करून सांगतो. पण विचार करण्यासारखं त्यांच्या मते काही नव्हतं. दरीत हरवलेला माणूस भर बाजारात कुलपं विकताना लोकांनी पाहिला तर पुढे वळणरावने काय करायचं? मग एका दातमंजनाच्या जाहिरातीत आजोबांचं काम आलं. दाढी काढावी लागणार होती. काका म्हणाले, "कंटिन्युटी जाईल." मालिकेत हा शब्द फार. आधीच्या प्रसंगात जसा माणूस दिसला तसाच पुढच्या प्रसंगात दिसला पाहिजे.

काकू म्हणाल्या, "आणि संसाराची कंटिन्युटी?"

काकू एका दातांच्या डॉक्टरकडे स्वागतिकेचं काम करत. बाहेरच्या खोलीत टेबल, समोर बाकं, बाकांवर गाल धरून बसलेली माणसं. घाबरलेल्याला कसं बसवून ठेवायचं ही त्यांची विद्या. "एवढंसंच टोचेल हं," असं त्या इतक्या मायेने म्हणत, की खोटं आहे हे ठाऊक असूनही माणूस तोंड उघडायचा. घर त्यांच्या नोकरीवर चालायचं. संध्याकाळी येऊन त्या बघत, तर काका आरशासमोर. दाढी पिकत चालली होती आणि मालिकेतली दाढी फक्त कडांना पिकलेली होती. म्हणून काका बारीक ब्रश घेऊन मधला भाग काळा करत आणि कडा सोडत. एखादा माणूस सगळे केस काळे करतो, एखादा पांढरे ठेवतो. नेमकं अर्धवट म्हातारं राहायचा खटाटोप करणारे काका एकटेच.

दोन हंगाम गेले. टोळीत नवा तिजोरीवाला आला, एक पोरसवदा, कान न लावता यंत्राने तिजोऱ्या उघडणारा. काका म्हणाले, "तात्पुरता आहे." त्यातला पहिला हंगाम म्होरकीचा होता. तीच सगळ्यांमागची सूत्रधार निघाली. काका म्हणाले, "आता मला वाचवलं कुणी, ते हिच्याकडूनच बाहेर येईल." नाही आलं. गल्लीतली मुलं मोठी झाली आणि त्यांच्या धाकट्या भावंडांना या दाढीवाल्याचं काही विशेष वाटेना. लोक आधी "कधी येणार?" विचारत, मग "अजून नाही का?" विचारत, मग हवापाण्याचं बोलत. दुकानात मेहुण्याने दुसरा माणूस ठेवला. तो तरी किती थांबणार.

मग काका विचारेनासे झाले, बोलेनासे झाले. सकाळी काकू निघताना ते ज्या कुशीवर असत, संध्याकाळी त्याच कुशीवर. चहाचा कप तसाच, वर साय. ज्या आवाजाने माणसं बस डेपोत हळहळत, तो आवाज 'हं' आणि 'नको' एवढ्यावर आला. मुलगी परगावाहून फोन करायची, "बाबा, इकडे या ना थोडे दिवस." काका म्हणत, "आणि इकडे फोन आला तर?"

एका संध्याकाळी काकू चपला काढता काढता म्हणाल्या, "अहो, आज एक पेशंट विचारत होती. किल्लीकाका कधी येणार म्हणून."

कूस बदलली. "कोण?"

"होती एक. दाढ काढायला आली होती. भूल उतरल्यावर पहिलं तेच विचारलं बिचारीने."

असं कुणी विचारलं नव्हतं. पण काका त्या दिवशी उठून बसले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. मग काकूंना रोज एक पेशंट गाठावा लागला. कधी अक्कलदाढवाला, कधी कवळीवाले आजोबा. सांगता सांगता काकू रंगू लागल्या. खरोखरच्या पेशंटांनाच विचारू लागल्या, "तुम्हाला काय वाटतं हो, येतील ना?" तोंडात बोळा असलेली माणसं मान डोलावण्याखेरीज काय करणार? त्या डोलणाऱ्या माना काकूंनी जमा केल्या. वर्षभरात अशी पाळी आली, की घरात काकांपेक्षा काकूंचाच जास्त विश्वास बसला. रविवारी त्या स्वतः ब्रश घेऊन काकांच्या दाढीचा मधला भाग काळा करत आणि म्हणत, "हलू नका. उद्या फोन आला तर?"

आणि फोन आला.

मालिकेचे पाचशे भाग झाले म्हणून दुपारचं जेवण होतं, मेलेल्या-जगलेल्या सगळ्यांना. काकूंनी कोट इस्त्री केला. "जेवणाचं निमित्त असतं हो. प्रत्यक्ष बोलायचं असेल त्यांना."

स्टुडिओच्या कँटीनमध्ये कुणीतरी गमतीने एका टेबलावर पाटी ठेवली होती, 'स्वर्गवासी'. तिथे पैलवान आधीच बसला होता. जाडा झाला होता. "या काका! तुम्ही खरं तर पलीकडच्या टेबलावर. तुम्ही गावाला गेलेले."

"माझं काही नक्की नाही अजून," काका म्हणाले.

जेवण निम्म्यावर आलं तेव्हा वळणराव ताट घेऊन त्यांच्याशेजारी येऊन टेकला. केस गेले होते, हसू तेच.

"काका, तुमची आठवण निघते हो. फार हळहळ वाटते त्या डोंगराची."

"वाटणारच," काका म्हणाले.

"आता सांगायला हरकत नाही. काय वळण होतं माहीत आहे? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं." वळणराव पैलवानाकडे वळला. "तू पण ऐक. देह सापडतो. सगळे रडतात. पुढच्या भागात पोलीस तो देह उलटा करतात, आणि तो काकांचा नसतोच! कोट काकांचा, माणूस दुसरा. काका जिवंत! पहिल्यापासून सूत्रधार तेच. पुढचा अख्खा हंगाम यांचा होता. म्हणून तर पालथा लिहिला होता, चेहरा दिसू नये म्हणून."

पैलवान ओरडला, "आयला!"

"पण ते पोतं वाऱ्याने गेलं. देहच दाखवला नाही तर 'देह त्यांचा नव्हता' हे म्हणणार कशाच्या जोरावर? मी रडलो होतो बसमध्ये. मग सूत्रधार म्होरकीला केलं." त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "वारा नडला, काका."

"हो," काका म्हणाले. "वारा फार होता."

"आणि आता?" पैलवानाने विचारलं. काकांना विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून त्यानेच.

वळणरावने ताटात बघितलं. "आता कुठे रे. नवीन प्रेक्षकांना माहीतही नाहीत काका."

काकांनी ताटातलं सगळं संपवलं. काय खाल्लं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. निघताना सगळ्यांना हात जोडले. बाहेर आल्यावर बसथांब्यावर एक बस आली आणि गेली, दुसरी आली आणि गेली. ते नुसते बघत उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी वळणरावला दोष दिला होता, अस्सलला दिला होता, नशिबाला दिला होता. रागवायला कुणीतरी बाहेरचं होतं. आता तेही नव्हतं.

घरी जायला पाय उचलेना, म्हणून ते दवाखान्यात गेले. बाकं भरलेली होती. टेबलामागून काकू उठून उभ्याच राहिल्या. हातातलं पेन खाली पडलं.

"काय म्हणाले?"

खोलीतली सगळी सुजलेली तोंडं काकांकडे वळली. त्या सगळ्यांना काकूंनी सकाळपासून सांगून ठेवलं होतं, हे दिसतच होतं. काकांनी काकूंकडे बघितलं. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर कालच्या रंगाचा काळा डाग होता, धुवून न गेलेला.

"लेखक भेटले," काका म्हणाले. "त्यांच्या डोक्यात आहे."

"बघा!" काकूंनी सगळ्या बाकांना उद्देशून म्हटलं. "मी म्हणत नव्हते?" आणि मुलीला फोन लावायला घेतला. बोटं इतकी घाईत, की नंबर दोनदा चुकला.

भिंतीजवळ बसलेल्या एका आजीबाईंनी गालावरचा रुमाल बाजूला केला. "पण इतक्या खोल दरीतून वाचलात कसे हो तुम्ही?"

बाकं कान देऊन बसली. काका उभेच होते. डोळे मिटले त्यांनी, आणि कित्येक वर्षांनी तो भरदार, कातर आवाज त्या खोलीत उमटला. "त्याचं असं आहे, आजी. खाली जे प्रेत सापडलं, ते माझं नव्हतंच."

आजीबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी तो भाग नीट पाहिलेला होता.

"पण प्रेत कुठे दाखवलं होतं? टोपीच दाखवली होती की."

पलीकडे काकू फोनवर म्हणत होत्या, "अगं, येताहेत, बाबा परत येताहेत."

"हो," काका म्हणाले. "दाखवायला हवं होतं."